खडीवरची अर्धी ओवी

"दे गं, मोहरीएवढी तर हाय. निजंल लेकरू गुणाचं, अन् तूबी मोकळी."

सासूचा, सिताबाईचा हा आवाज केशरबाईनं ऐकला त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली होती. सासू गेली, तिचं बाकी सगळं बोलणं विसरून गेलं, पण एवढं एक बोलणं घरात राहिलं. कुठं राहिलं म्हणाल, तर फोडणीत. तेल तापलं, मोहरी तडतडली की त्या तडतडण्यातून सिताबाई बोलायची, मोहरीएवढी तर हाय. केशरबाईचा हात तेवढ्यापुरता थांबायचा. मग ती घाईनं कांदा टाकायची आणि तो आवाज दडपून टाकायची.

बाहत्तरच्या दुष्काळानं तिचं एक बरं केलं. तेलच मिळेना, तर फोडणी कुठली? रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकर आणि वर मिरचीचा ठेचा. घरात सिताबाई गप झाली.

ती पुन्हा बोलली ती थेट खडीच्या कामावर, लिंबाच्या झाडाखाली.

वाशीकडं जाणाऱ्या रस्त्याचं हे काम गावच्या मजूर सहकारी सोसायटीनं घेतलं होतं. पाऊस दोन वर्षं तोंड दाखवत नव्हता, विहिरीला दोर पुरत नव्हता, तेव्हा अख्खं गाव माळावर दगड फोडायला येऊन बसलं होतं. केशरबाईचा नवरा कोंडिबा बैलं जगवायला गुरांच्या छावणीवर गेलेला. ती, मुलगा रामकिसन आणि सून शिवकांता, तिघं कामावर. गडी घण घालून मोठे दगड फोडायचे, बाया रांगेनं बसून हातोडीनं त्याची खडी करायच्या, आणि रामकिसन खांद्यावर कावड घेऊन सगळ्यांना पाणी वाटायचा.

पाण्याचं काम रामकिसनला सोसायटीच्या चेअरमननं, आण्णासाहेबांनी, मुद्दाम दिलं होतं. थेंब न् थेंब जपायचे दिवस, आणि रामकिसनच्या कावडीतून थेंब सांडत नसे. तो सगळंच हळू करायचा. हळू चालायचा, हळू जेवायचा, आणि बोलायचा तर इतकं हळू की विचारणाऱ्याला आपण काय विचारलं त्याचा विसर पडावा. पहिला शब्द तोंडातून निघाला तो पाचव्या वर्षी. शाळेत मास्तरांनी दोन वर्षं वाट पाहिली आणि घरी धाडून दिलं. "रामकिसनचं उत्तर म्हंजी कळंबची यष्टी," गावातली पोरं म्हणायची, "येती, पर कवा येईल ते इचारू न्हाय." रामकिसनही त्यावर हसायचा. मात्र बाकीच्यांचं हसून झाल्यावर.

"देवानंच तसा शांत दिलाय," केशरबाई लोकांना सांगायची. रामकिसनलाही तेच सांगायची. "तू लहानपणी लई गुणाचा व्हतास. रडायचास न्हाय की काय न्हाय."

एका सोमवारी हातोडी दगडावर पडायची ती केशरबाईच्या अंगठ्यावर पडली. अंगठा वांग्यासारखा झाला. मुकादम हिंमतराव धावत आला. माणूस ओरडण्यात पटाईत, पण मनानं वाईट नव्हता.

"मावशी, आता बोटाचीच खडी करता का? उठा. बनाबाई चालली लेकीच्या बाळंतपणाला. तिच्या जागी पाळणाघरात बसा."

पाळणाघर म्हणजे लिंबाखाली तुराट्यांचा आडोसा, वर गोणपाट, आणि फांदीला जुन्या लुगड्यांच्या झोळ्या. लेकरं अकरा. गावठाणातली झोळी आणि बौद्धवाड्यातली झोळी एकाच फांदीला लटकलेली. धड फांद्या दोनच होत्या, त्याला कुणाचा इलाज नव्हता. बनाबाईचं पाळणाघर पंचक्रोशीत गाजलेलं होतं. दुसऱ्या कामावरचे लोक बघायला आले की आण्णासाहेब त्यांना लिंबापाशी उभं करायचे आणि बोट ओठाला लावून म्हणायचे, "अकरा लेकरं हैत. हाय का आवाज?"

नव्हता. केशरबाई आत जाऊन बसली तेव्हा आवाज होता तो फक्त माश्यांचा.

तिला आधी वाटलं, बनाबाईच्या हाताला गुण आहे. मग तिनं पहिल्या झोळीत वाकून बघितलं. सुमनबाईचा मच्छिंद्र, दोन वर्षांचा, गोल तोंडाचा. डोळे अर्धे उघडे आणि बुबुळं वर गेलेली. तिनं टिचकी वाजवली, गालाला हात लावला, कानात कुर्र केलं. मच्छिंद्रनं नुसतं चोखल्यासारखं केलं आणि पुन्हा सैल पडला. दुसरी झोळी, तिसरी झोळी... सगळीकडं तसेच डोळे. आणि तोंडाला तोच कडवट गोडसर वास, गुळात घोळलेल्या अफूचा.

*मोहरीएवढी तर हाय*, सिताबाई लिंबावरून म्हणाली.

केशरबाईनं झोळीचा काठ धरून ठेवला. पंचवीस वर्षांपूर्वी तिच्या रामकिसनचे डोळे असेच असायचे. पाटलाच्या रानात तण निंदायला जायचं, लेकरू बांधाला ठेवायचं, ते रडलं की हात थांबतो, हात थांबला की उद्या बोलावणं येत नाही. मग सासूनं गोळी दिली. एक दिवस, दोन दिवस. असं करत दोन वर्षं. हे तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं, माहेरी सांगितलं नव्हतं, आणि रामकिसनला तर मुळीच नाही.

दुपारच्या भाकरीला बाया लेकरं घ्यायला आल्या. केशरबाई आडोशाच्या तोंडाशी उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"उद्यापासून गोळी दिल्यालं लेकरू माझ्या झोळीत टाकायचं न्हाय."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. प्रत्येकीच्या घरात पहाटे जे गुपचूप व्हायचं ते असं भर उन्हात कुणी बोलेल असं वाटलं नव्हतं.

"मावशी," सुमनबाई म्हणाली, "हातोडी अंगठ्यालाच लागली न्हवं? डोक्याला न्हाय ना?"

"डोस्कं जाग्यावर हाय म्हणूनच सांगती."

"मग रडत्याल की सगळी!"

"रडू द्या. लेकरंच हैत ती."

"तुम्हाला काय हुतंय बोलायला," सुमनबाईचा आवाज चढला. "ते तिकडं रडलं की हिकडं माझा पान्हा उतरतो. उतरला की हातोडी कुठं पडती अन् हात कुठं. ढीग ऱ्हातो अर्धा. मग खायचं काय, खडी?"

एवढ्यात हिंमतराव आला. त्यानं सगळं ऐकलं, टोपी मागं सरकवली, आणि पंचाईत झाल्यासारखा डोकं खाजवत राहिला.

"मावशी, तुमी म्हणता ते खरं आसंल. पर शनवारी ढिगाचं माप घ्यायला वरून मानूस येतोय. ढीग कमी भरला तर मी काय सांगू, लेकरं जागी व्हती म्हणून? शनवारपतूर काय करायचं ते करा. माप बसलं न्हाय तर पाळणाघर बंद. ज्येनं त्येनं आपलं लेकरू आपल्या ढिगाशी घिऊन बसावं, मग गोळी द्या न्हायतर लाडू द्या."

ढिगाशी म्हणजे उन्हात. उडणाऱ्या कपच्यांत. हे सगळ्यांना कळलं. केशरबाईलाही.

"बसंल माप," ती म्हणाली. कसं बसेल, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

मंगळवारी लिंबावरचे कावळे उठून गेले ते संध्याकाळपर्यंत परतले नाहीत. एकानं सूर लावला की दुसऱ्यानं उचलायचा, तिसऱ्यानं वर न्यायचा. केशरबाईला दोन हात, त्यात एक अंगठा बांधलेला. सुमनबाई सात वेळा धावत आली, सात वेळा परत गेली, आणि प्रत्येक वेळी जाताना केशरबाईकडं असं बघून गेली की बघणंच पुरे.

"मावशी," हिंमतराव लांबूनच ओरडला, "हे पाळणाघर हाय का कोंबड्याचा बाजार?"

केशरबाई गप बसणारी नव्हती. तिनं पत्र्याच्या डब्यात खडे घालून खुळखुळा केला. सोसायटीत लेकरांना सुकडी, गोड कोरडं पीठ, वाटायची तिचा गोळा करून ज्याच्या त्याच्या हातात दिला. आणि ती बोलायला लागली. मच्छिंद्रला म्हणायची, "ह्यो बघ मुंगळा. कुठं चालला? बाजाराला चालला. पिशवी कुठं हाय रं त्याची?" पाणी प्यायला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. एवढ्याशा पोराशी मोठ्या माणसासारखं कोण बोलतं?

"आवं, त्याला काय कळतंय?"

"कळत न्हाय म्हणूनच सांगावं लागतं की," केशरबाई म्हणायची. "तुला कळतंय, तुला कशाला सांगू?"

बुधवारीही रडारड होतीच. पण एक फरक पडला. रडताना लेकरं आता डोळे उघडून रडत होती, आणि कशावरून रडतोय ते त्यांना माहीत असल्यासारखं वाटत होतं.

गुरुवारी सकाळी मच्छिंद्रनं जो टाहो फोडला तो कशानंच थांबेना. मुंगळा नको, सुकडी नको, खुळखुळा तर त्यानं भिरकावूनच दिला. केशरबाईनं त्याला मांडीवर आडवा घेतला आणि काही सुचेना म्हणून, जात्यावर बसल्यासारखी झुलत, तोंडाला आली ती ओवी उचलली. वर्षभरात पहिल्यांदा. मिलो गिरणीवरूनच दळून यायचा, गावातली जाती भिंतीला टेकून पडली होती, आणि ओव्याही त्यांच्याबरोबरच टेकल्या होत्या.

*"लिंबाच्या फांदीवरी झोळी हालती कुणाची..."*

पुढची ओळ तिला सुचेना. ती थांबली.

आता आपल्याकडच्या बायांची एक रीत आहे. जात्यावर एकीनं ओवी उचलली की समोरचीनं ती पुरी करायची. अर्धी ओवी तशीच सोडली तर पीठ भरड येतं, असं आजीपणजीपासून मानत आलेलं. समोर जातं नव्हतं, पीठ नव्हतं. पण वीस हात लांब, ढिगाशी बसलेल्या सुमनबाईच्या कानावर ती अर्धी ओळ पडली, आणि रागावलेली असूनही तिच्या तोंडून आपसूक गेलं,

*"कुणाची गं म्हणू बाई, माझ्या मच्छिंद्र गुणाची."*

मच्छिंद्रचं रडणं मध्येच तुटलं. त्यानं मान वळवली. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. आईचा आवाज आला होता, आई दिसत नव्हती, पण आवाज आला होता एवढं नक्की. तो उचकी देत वाट बघत बसला, अजून येतोय का म्हणून.

केशरबाईनं ती संधी सोडली नाही.

*"रडं रडं रडतंय, डोळा न्हाई गं टिपूस..."*

मग सुमनबाई, हातोडी उगारलेलीच,

*"बापाच्या वळणाचं, त्याच्या बापालाच पूस!"*

घण घालणाऱ्यांत मच्छिंद्रचा बाप होता. सगळे त्याच्याकडं बघून असे हसले की त्याचा घण दगडाच्या बाजूला पडला. आणि लिंबाखाली मच्छिंद्र, का ते न कळताच, खदखदून हसला.

तिथून पुढं माळाची तऱ्हाच बदलली. जे लेकरू रडेल त्याच्या नावानं केशरबाई ओवी उचलायची, आणि त्याची आई ढिगाशी बसल्या बसल्या ती पुरी करायची. उठायला नको, धावायला नको. लेकराला आईचा आवाज मिळायचा, आईला लेकराचा. एकीची ओळ ऐकून दुसरीला चेव यायचा.

*"सुकडीच्या वाटीमंदी बोट बुडलं बुडलं..."*

*"निम्मं गालावरी बाई, निम्मं पोटात दडलं!"*

आणि हातोड्या? हातोड्या ओवीच्या तालावर पडायला लागल्या. आधी ज्या वाटेल तशा ठकठकायच्या त्या आता एकदम उठायच्या, एकदम बसायच्या. शनिवारी माप घेणारा माणूस आला. त्यानं टेप लावली, पुन्हा लावली, कपाळाला आठ्या घातल्या. ढीग मागच्या आठवड्यापेक्षा वर होता.

"हिंमतराव, माणसं वाढवली काय?"

"न्हाय साहेब," हिंमतराव छाती काढून म्हणाला, "ओव्या वाढवल्या." जणू ही अक्कल त्याचीच.

सगळे खूश होते. सुमनबाईनं केशरबाईच्या अंगठ्याला स्वतःच्या हातानं हळद बांधली. फक्त केशरबाईच्या मनात एक खडा होता, आणि तो तिनं आठवडाभर वहाणेतल्या खड्यासारखा सोसला होता. दहा लेकरं रडली होती, दहा हसली होती. अकरावी झोळी हलली नव्हती.

अकरावी झोळी तिच्या स्वतःच्या नातीची, गुलाबची होती.

गुलाब अकरा महिन्यांची. रामकिसनची आणि शिवकांताची पहिली. केशरबाईनं आधी मनाला समजावलं, पोरगी नाजूक आहे, सोमवारपर्यंतच्या गोळीचा अंमल उतरायला वेळ लागत असेल. मग म्हणाली, बापावर गेली असेल, शांत. असं म्हणताना आपल्याच शब्दाचा तिला चटका बसला. शनिवारी संध्याकाळी माप झाल्यावर तिनं गुलाबचं तोंड हुंगलं, आणि मग काही समजवायला उरलं नाही.

शिवकांता दगडाआड पदर झटकत होती. पदराच्या टोकाला गाठ होती, बारीक, कागदाच्या पुडीची.

"सोड ती गाठ," केशरबाई म्हणाली.

शिवकांतानं गाठ मुठीत धरली. पोरगी कष्टाळू होती, लोहाऱ्याकडची, सासरी तीन वर्षं झाली तरी मोठ्यानं बोललेली नव्हती. आता मात्र बोलली.

"आत्याबाई, तुमच्यासाठीच देत ऱ्हायले हो म्या."

"माझ्यासाठी?"

"तुमी सगळ्यांम्होरं बोललात, गोळी दिल्यालं लेकरू नको म्हणून. बाया म्हणत व्हत्या, बघू म्हातारीचं पाळणाघर किती दिस चालतंय. मला वाटलं, आपलीच गुलाब रडली अन् त्येच्यापायी माप बुडालं तर? लोक काय म्हणत्याल, मुकादमानं न्हाय, घरच्याच नातीनं तोंडावर पाडलं. म्हणून म्या... एकटी गुलाब तरी गप असावी. तुमची लाज राहावी."

केशरबाईला हसावं की रडावं कळेना. अख्ख्या माळाला जागं करून बसली होती, आणि तिची लाज राखायला घरची झोळी निजवून ठेवली होती.

"फेक ती पुडी."

"फेकती. पर येवढं काय हाय त्यात, ते तरी सांगा. आर्ध्या गावानं दिलीय. तुमीबी ह्यांना दिलीच आसंल की. झाले न्हाय का मोठे?"

दहा पावलांवर रामकिसन कावड उतरवून घागरी पालथ्या घालत होता. केशरबाईनं त्याच्याकडं बघितलं.

"फेक म्हणलं ना," ती एवढंच म्हणाली.

शिवकांतानं पुडी वाऱ्यावर सोडली. पण कारण न सांगता हुकूम सोडला हे तिला लागलं. त्या दिवसापासून ती सासूशी कामापुरतं बोलायला लागली. हं, हो, नाही.

गुलाबनं मग बाकीच्या दहाजणांची सगळी रडारड एकटीनं भरून काढली. तीन दिवस तिला ना मांडी चालली ना झोळी. दवाखान्याच्या नर्सबाई सुया टोचायला आल्या होत्या, त्यांनी तिला उलटसुलट करून बघितलं, शिवकांताला म्हणाल्या, "अंगावर पाज, सुकडी मऊ करून दे, आणि बोलत राहा तिच्याशी. निघेल यातून." मच्छिंद्र आपला खुळखुळा घेऊन तिच्या झोळीपाशी बसायचा आणि तिला मुंगळ्याची गोष्ट सांगायचा. त्याच्या गोष्टीत सगळी मिळून दोनच अक्षरं होती, पण हात भरपूर.

चौथ्या दिवशी गुलाब थकून निजली. खरी झोप. उठली तेव्हा तिनं डोळे उघडले, पूर्ण उघडले, आणि वर हलणाऱ्या पानांकडं बघत राहिली, जणू लिंब कालच उगवला होता. केशरबाई तिच्याकडं बघत राहिली. एवढे मोठे डोळे आहेत पोरीला, हे घरात कुणाला ठाऊकच नव्हतं.

पण ती हसेना. आवाज आला की मान वळवायची, बघायची, आणि पुन्हा पानांकडं. दोन दिवस गेले. केशरबाई तिच्या नावानं ओवी उचलायची, आणि ढिगाशी शिवकांता मान खाली घालून दगड फोडत राहायची. दुसरी ओळ यायची नाही. बाकीच्या बाया डोळ्यांनी एकमेकींना विचारायच्या, पण दुसऱ्याच्या लेकराची ओवी मध्येच पुरी करणं बरं दिसत नाही.

शुक्रवार होता. ऊन माथ्यावर आलेलं. मच्छिंद्रला पाठ टेकवून गुलाब बसली होती, दोघांच्या गालाला सुकडी. माळाच्या टोकाकडून रामकिसन भरलेली कावड घेऊन येत होता, नेहमीसारखा, एक पाऊल, मग दुसरं पाऊल. केशरबाईनं त्याला बघितलं आणि ओवी उचलली.

*"गुलाबाच्या रोपाला गं पाणी कोण घालतो..."*

शिवकांताची हातोडी थांबली. ओठ हलले. पण रुसवा सहा दिवसांचा होता, तो एका ओळीनं सुटणारा नव्हता. तिनं पुन्हा मान खाली घातली.

ओळ तशीच हवेत लटकली. बायांनी उगारलेल्या हातोड्या वरच राहिल्या. घण थांबले. सुमनबाई पुटपुटली, "म्हण की गं बाई, खडी भरड यील."

"का थांबलं काम?" हिंमतराव ओरडला. "काय झालं?"

सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या होत्या. कारण सगळ्यांना दिसलं होतं. माळाच्या मधोमध रामकिसन उभा होता, खांद्यावर कावड, कपाळाला घाम, आणि त्याचे ओठ हलत होते. काहीतरी येत होतं. सगळं गाव त्याला ओळखत होतं, कळंबची यष्टी वळणावर दिसली की थांबावं लागतं. पोरांतलं एक हसायला गेलं, तर सुमनबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की ते तिथंच गिळलं गेलं.

केशरबाईनं श्वास धरला. पाच वर्षांचा होईपर्यंत तिनं असाच श्वास धरून वाट बघितली होती. कानाशी सिताबाई पुटपुटायला लागली, आणि आयुष्यात पहिल्यांदा केशरबाई तिला मनातल्या मनात म्हणाली, थांब. ऐकू दे.

आणि मग, एकेक शब्द ठेवत, जशा तो भरल्या घागरी ठेवायचा तसा एकेक शब्द न सांडता ठेवत, रामकिसन म्हणाला,

*"कावड खांद्यावरी, बाप... हळूहळू चालतो."*

चाल नव्हती, सूर नव्हता, पण ओवी पुरी झाली होती. सगळ्या गावानं ज्या हळूपणावरून त्याला हिणवलं तोच हळूपणा त्यानं उचलून आपल्या लेकीच्या ओवीत बसवला होता.

लिंबाखाली गुलाबनं मान वळवली. रोज पाणी घेऊन येणारा, न बोलणारा हा माणूस बोलला होता. तिनं त्याच्याकडं टक लावून बघितलं, दोन्ही हात सुकडीच्या वाटीवर आपटले आणि खुदकन हसली. मग आपलंच हसू कानावर पडलं म्हणून पुन्हा हसली, मोठ्यानं.

माळ उसळला. बायांनी हातोड्यांवर हातोड्या वाजवल्या. हिंमतरावानं टोपी काढून झटकली, तिच्यावर काही नसताना. "रामकिसन, लेका, आज यष्टी टायमावर आली की रं!" कुणीतरी ओरडलं, आणि या वेळी रामकिसन सगळ्यांबरोबर हसला, मागून नाही. शिवकांता हातोडी टाकून धावत आली. गुलाबला उचलून तिनं इतकं घट्ट धरलं की पोरगी हसता हसता कुरकुरली.

काम पुन्हा सुरू झालं. रामकिसननं कावड उतरवली, सगळ्यांना पाणी दिलं, आणि शेवटी लिंबाखाली आईजवळ येऊन टेकला. शिवकांता बाजूला गुलाबला पाजत होती. त्यानं लेकीच्या गालावरची सुकडी बोटानं पुसली. काहीतरी येत होतं.

"माय," तो म्हणाला, "म्या बी... असाच हसायचो का गं... लहानपणी?"

उत्तर तयार होतं. वीस वर्षं ते एकच उत्तर तिनं दिलं होतं, घासून घासून गुळगुळीत झालेलं. तू लई गुणाचा व्हतास. ती बोलायला गेली, आणि तिला दिसलं, शिवकांता मान वर करून तिच्याकडं बघत होती. येवढं काय हाय त्यात, हा तिचा प्रश्नही सहा दिवसांपासून तसाच लटकला होता.

केशरबाईनं बांधलेल्या अंगठ्याचा हात मुलाच्या गुडघ्यावर ठेवला.

"न्हाय रं, रामकिसन. तुला हसू यायच्या वक्ताला म्या तुला गोळी दिली. मोहरीएवढी अफू, गुळात घोळून. निंदायला गेलं न्हाय तर चूल पेटत न्हवती, अन् तू रडलास तर निंदता येत न्हवतं. दोन वर्सं दिली, एक दिस चुकवला न्हाय. तू बोलंना झालास, तवा मला समजलं, पर म्या कुणाला सांगितलं न्हाय. देवानंच तसा दिलाय, म्हणत राहिले. देवानं तुला तसा न्हवता दिला, बाळा. तू गुणाचा म्हणून गप न्हवतास. तुला म्या निजवला व्हता."